महापालिकेचे वीजबिल दहा टक्क्यांनी कमी करायचे आहे : सुरुवात कुठून करावी?

एका ‘ड’ वर्ग महापालिकेतील विद्युत विभागाच्या उपअभियंत्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे ऊर्जा व्यवस्थापनाचे काम नव्याने सोपवण्यात आले आहे. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पथदिवे, मुख्य इमारत, प्रभाग कार्यालये, रुग्णालय आणि शाळा मिळून सुमारे ४०० वीजजोडण्या आहेत. वर्षभरात बिल दहा टक्क्यांनी खाली आणावे, असे आयुक्तांचे सांगणे आहे. मुख्य इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा आणि सगळ्या कार्यालयांतले पंखे बदलण्याचा प्रस्ताव आधीच टेबलावर आहे. तो पुढे न्यावा की आणखी काही करावे, असे त्यांनी विचारले आहे.

अशाच एका महापालिकेच्या विद्युत विभागात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आणि त्यानंतर प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक म्हणून मी अनेक नगरपालिकांची उपसा केंद्रे पाहिली आहेत. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, तो प्रस्ताव फेटाळू नका, पण तीन महिने बाजूला ठेवा. मागच्या बारा महिन्यांची बिले घ्या, ती रकमेच्या उतरत्या क्रमाने लावा आणि सर्वात वरच्या पाच जोडण्यांच्या जागी स्वतः जाऊन या. त्या पाचपैकी निदान तीन पाणीपुरवठ्याच्या निघतील, अशी माझी अपेक्षा आहे. ४०० जोडण्यांपैकी शाळा, दवाखाने, उद्याने यांची शेकडो बिले एकत्र केली तरी एका अशुद्ध जल उपसा केंद्राच्या बिलाची बरोबरी होत नाही, हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की, तेच आधी तपासावे असे मी सुचवतो.

एक खबरदारी मात्र इथेच सांगतो. शेजारच्या महापालिकेचे दरडोई वीजबिल आपल्यापेक्षा कमी आहे, यावरून कोणी आपल्याला बोल लावला तर ते मान्य करू नका. मुंबईला तानसा आणि वैतरणेच्या तलावांचे पाणी मुख्यतः उताराने येते, तर भातसाचे पाणी पिसे-पांजरापूर येथून पंपाने उचलावे लागते. छत्रपती संभाजीनगरची स्थिती याहून कठीण आहे. जायकवाडी धरणाची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर आहे आणि शहर त्याच्या शंभर मीटरहून अधिक वर वसलेले आहे. म्हणजे तिथे नळाला येणारा जवळपास प्रत्येक लिटर आधी शंभर मीटर चढलेला असतो आणि सुमारे चाळीस किलोमीटरच्या जलवाहिनीतले घर्षण त्यावर वेगळे. अशा दोन शहरांची बिले रुपयांत ताडून पाहण्यात अर्थ नाही.

तुलना करायची ती भौतिकशास्त्राशी. दहा लाख लिटर, म्हणजे एक दशलक्ष लिटर पाणी एक मीटर उंच उचलायला, कोणताही तोटा नसताना, सुमारे २.७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ७० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता चांगली मानली, तर प्रत्यक्षात सुमारे ४ युनिट लागतात. हा ‘दशलक्ष लिटरला मीटरमागे चार युनिट’ हिशेब पाठ करून ठेवा. घर्षण धरून ५० मीटर हेड (पंपाला पाणी जितके उंच ढकलावे लागते ती एकूण उंची) असेल तर दशलक्ष लिटरला २०० युनिट योग्य. आपल्या केंद्रावर ३०० येत असतील तर वरचे १०० कुठे जातात, ते शोधणे हे आपले काम आहे. हा आकडा विजेचा दर वाढला म्हणून वाढत नाही आणि पाऊस लांबल्यामुळे पंप कमी तास चालला म्हणूनही कमी दिसत नाही. बिल मात्र या दोन्ही कारणांनी हलते आणि त्यामुळे सगळ्यांची दिशाभूल होते.

आता मोजायचे कसे, हे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी काम इथेच अडते. मोटरची वीज पॅनेलवरच्या मीटरवर किंवा भाड्याने आणलेल्या पॉवर ॲनालायझरवर मिळते. दाब प्रेशर गेजवर मिळतो. प्रवाह मोजायला पाइपवर बाहेरून बसवायचा अल्ट्रासॉनिक मीटर मिळतो, पण त्याच्या आधी साधारण दहा व्यासांइतका आणि नंतर पाच व्यासांइतका सरळ पाइप हवा, आणि जुन्या पंपघरात इतका सरळ तुकडा क्वचितच सापडतो. तसे असेल तर उंच टाकीचाच मीटर करा. टाकीचा बहिर्गमन व्हॉल्व्ह अर्धा तास बंद ठेवा, एकच पंप चालवा आणि पातळी किती चढली ते पट्टीने मोजा. २० मीटर व्यासाच्या टाकीत अर्ध्या तासात पाणी ८० सेंटिमीटर चढले, तर ते सुमारे २५० घनमीटर, म्हणजे ताशी ५०० घनमीटर झाले. ही जुनी पद्धत आहे, पण तिच्यात चूक व्हायला जागा कमी असते, आणि व्हॉल्व्हमनपासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत कोणालाही ती शंका न येता पटते.

एका केंद्रावरचा अनुभव सांगतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. रात्रीचे दहा वाजले होते. पंपाच्या प्रेशर गेजचा काटा ६ किलोवर होता (एक किलो दाब म्हणजे सुमारे दहा मीटर हेड) आणि लॉगबुकमध्येही मागची कित्येक पाने प्रत्येक तासापुढे ‘६’ लिहिलेले होते. मी पंप बंद करायला सांगितले. पंप थांबला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा धप्प असा आवाज आला, पण काटा ६ वरून हलला नाही. गेज कधी बिघडले होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या आधी एक आणि नंतर एक अशी दोन नवी गेज बसवली. आधीच्या गेजवर खरोखरच ६ किलो दाब निघाला, पण नंतरच्या गेजवर ४.६. मध्ये व्हॉल्व्ह अर्धवट बंद होता, त्याच्या स्पिंडलवर लाल रंगाची खूण होती आणि हात ठेवला तर त्याची थरथर कोपरापर्यंत जाणवत होती. पंप ऑपरेटर बावीस वर्षे तिथे काम करत होते. ते म्हणाले, “साहेब, पूर्ण उघडला की मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते. आधीच्या साहेबांनीच ही खूण करून दिलीय, याच्या वर उघडायचा नाही.”

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते आणि त्यांनी मोटर जळू दिली नाही, हे त्यांचे श्रेय आहे. चूक कागदावर झाली होती. योजना आखताना सल्लागाराने हेडमध्ये दहा टक्के वाढ धरली, छाननीत कोणीतरी सुरक्षिततेसाठी आणखी थोडी वाढवली आणि पुरवठादाराने त्याच्या वरच्या मापाचा पंप दिला. गरजेपेक्षा जास्त हेडचा सेंट्रिफ्युगल पंप मोकळा सोडला की तो जास्त पाणी फेकतो, जास्त वीज ओढतो आणि मोटरवर जादा भार येतो. म्हणून व्हॉल्व्ह आवळावा लागतो आणि मग पंपाने मेहनतीने तयार केलेल्या दाबातला १४ मीटर इतका दाब त्या व्हॉल्व्हमध्येच पंप चालू असेपर्यंत जिरत राहतो.

हिशेब असा झाला. प्रवाह ताशी ५०० घनमीटर, मोटरला १३० किलोवॉट, म्हणजे दशलक्ष लिटरला २६० युनिट. पाण्याला खरी गरज ४६ मीटर हेडची होती. चार युनिटांच्या हिशेबाने १८४ युनिट पुरायला हवे होते. आम्ही नवा पंप घेतला नाही. कंपनीकडून पंपाचा आलेख मागवला, त्यावरून इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या पंखचक्राचा) व्यास किती कमी करता येईल ते ठरवले, इम्पेलर लेथवर धरून तेवढा कापला आणि पंप पुन्हा जोडून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. वीज १०५ किलोवॉटवर आली आणि पाणी तेवढेच राहिले. २५ किलोवॉटची बचत, दिवसाला २० तास, वर्षाला सुमारे १,८२,००० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर साडेचौदा लाख रुपये. व्हॉल्व्हची थरथर थांबली, हे ऑपरेटरनीच मला पहिल्यांदा दाखवले.

याच्या शेजारी पंख्यांचा प्रस्ताव ठेवून पाहा. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. ३०० पंखे बदलले आणि ते दिवसाला आठ तास, वर्षाला २५० दिवस चालले, तर २७,००० युनिट वाचतात. ही बचत खरी आहे आणि ती करावीच, पण एका लाल खुणेच्या व्हॉल्व्हमध्ये तिच्या सहापटीहून अधिक वीज जात होती. पंखे सर्वांना दिसतात, त्यांचे उद्घाटन होते. व्हॉल्व्ह शहरापासून वीस किलोमीटरवर असतो. आपल्या कामाचा क्रम यावरून ठरू देऊ नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

पंपांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींपासून सावध राहा. पहिली व्हीएफडीबद्दल, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाबद्दल. वेग कमी केला की वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते, हे विक्रेते सांगतात आणि ते खरेही आहे. पण हेडसुद्धा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हे ते सांगत नाहीत. वेग ८० टक्के केला की हेड ६४ टक्क्यांवर येते. पाणी ५० मीटर उंच टेकडीवरच्या टाकीतच न्यायचे असेल आणि पंप बंद व्हॉल्व्हवर ७० मीटर देत असेल, तर ८० टक्के वेगाला तो ४५ मीटरच देईल, म्हणजे पंप फिरत राहील आणि टाकीत थेंबही पडणार नाही. जिथे बहुतांश हेड घर्षणाचे आहे किंवा मागणी तासागणिक बदलते, तिथे व्हीएफडी उत्तम. जिथे बहुतांश हेड उंचीचे आहे, तिथे योग्य मापाचा पंपच हवा.

दुसरी गोष्ट तिसऱ्या पंपाची. शहरात पाण्याची ओरड झाली की राखीव पंपही चालू करायचा, असा प्रघात जवळपास सगळीकडे आहे. पण एकाच जुन्या ऊर्ध्ववाहिनीवर (पंपाकडून टाकीकडे पाणी चढवणाऱ्या पाइपवर) तीन पंप ढकलू लागले की घर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि तिन्ही पंप आपल्या कार्यक्षम बिंदूपासून दूर सरकतात. वीज जवळपास दीडपट होते आणि पाणी मात्र अनेकदा दहा-पंधरा टक्केच वाढते. टाकी भरण्याची चाचणी दोन पंपांवर एकदा आणि तीन पंपांवर एकदा करा आणि दोन्ही आकडे पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यांसमोर ठेवा. तिसऱ्या पंपाऐवजी गळती शोधली तर जास्त पाणी मिळते, हे त्यांना आपल्याकडून ऐकण्यापेक्षा त्या आकड्यांवरून लवकर पटेल. शंभर मीटर चढवलेले पाणी गळून गेले, तर दशलक्ष लिटरमागे ४०० युनिटही त्याबरोबर गेले, ही बाब गळतीच्या अहवालात सहसा नसते. ती आपण घालावी.

आता बिलाकडे. उच्चदाब ग्राहकांना महावितरणकडून १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे केवळ प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेवर (केडब्ल्यूएच) नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, आकारणी होते. त्यापूर्वी पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी आलेला हिस्सा) चांगला ठेवल्याची सवलत वेगळ्या ओळीत दिसायची आणि खराब असल्याचा दंडही दिसायचा. आता पॉवर फॅक्टर घसरला तर दंडाची ओळ येत नाही, युनिटच वाढून येतात, आणि लेखा विभागाला ‘वापर वाढला’ एवढेच दिसते. म्हणून बिलावरचे केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच हे दोन्ही आकडे दर महिन्याला शेजारी लिहून ठेवा. फरक दोन-तीन टक्क्यांपलीकडे गेला की पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटरांचे पॅनेल उघडा आणि प्रत्येक कपॅसिटरचा प्रवाह क्लॅम्प मीटरने पाहा. पॅनेलवरचा दिवा लागलेला असतो आणि आतले निम्मे कपॅसिटर मेलेले असतात, असे मी इतक्यांदा पाहिले आहे की, त्या दिव्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. मोटरी बंद असताना कपॅसिटर जोडलेले राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे उलट्या बाजूला बिघडतो, आणि त्याचाही भुर्दंड बसतो, हेही तपासा.

करारमागणी, म्हणजे महावितरणकडून मंजूर करून घेतलेली कमाल मागणी, बिलाच्या पहिल्या पानावर असते आणि वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी पाहत नाही. योजनेचा पुढचा टप्पा होईल म्हणून मागून ठेवलेली मागणी तो टप्पा रखडला तरी चालू राहते आणि वापर नसताना तिचा ठराविक हिस्सा भरावा लागतो. उलट, तो तिसरा पंप महिन्यातून एकदा तासभर चालला तरी त्या महिन्याची कमाल मागणी चढते. दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा ही स्वस्त वेळ अनेक वर्षे होती, म्हणून माझ्या पिढीने पंपिंग रात्रीकडे ढकलले. सौर विजेचा वाटा वाढल्यानंतर नियामक आयोगाच्या आदेशांचा कल दिवसा सवलत आणि संध्याकाळी अधिभार असा झाला आहे. आपल्याकडे टाकीची साठवण पुरेशी असेल तर लागू असलेला दरआदेश हातात घेऊन पंपिंगचे वेळापत्रक नव्याने आखा. जुने वेळापत्रक केवळ सवयीने चालू ठेवू नका. लघुदाब जोडण्यांमध्ये बंद पडलेल्या शाळा, पाडलेल्या इमारती आणि ‘सरासरी’ म्हणून येणारी बिले शोधा. हे काम कंटाळवाणे आहे, पण एक लिपिक आणि एक वायरमन दोन महिन्यांत ते संपवू शकतात आणि त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.

मलनिस्सारण केंद्रात ब्लोअरकडे (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राकडे) पाहा, बाकीचे नंतर. हवा देऊन जीवाणूंमार्फत शुद्धीकरण करणाऱ्या केंद्रात निम्म्याहून अधिक वीज हवा देण्यातच जाते. टाकीतला विरघळलेला प्राणवायू लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो. तो चार-पाच दिसत असेल तर ब्लोअर विनाकारण चालत आहे. व्हीएफडी बसवायला ही खरी जागा आहे. पथदिवे २०१५ नंतरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बहुतेक ठिकाणी एलईडी झाले आहेत, त्यामुळे तिथे आता दिवे बदलण्यापेक्षा दुपारी जळणारे दिवे, बंद पडलेले टायमर आणि कंत्राटातल्या गृहीत तासांवर मोजलेली ‘बचत’ मीटरशी ताडून पाहणे महत्त्वाचे आहे. वातानुकूलन यंत्रांची मूळ मांडणी १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांची असते. जुनी यंत्रेही तिथेच ठेवण्याचा आदेश काढा, मात्र शस्त्रक्रियागृह आणि रक्तपेढी त्यातून स्पष्टपणे वगळा.

सौर पॅनेलचा विषय मी शेवटाकडे घेतला, कारण तो निर्मितीचा आहे, बचतीचा नाही. आपल्याकडे एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण दहा चौरस मीटर गच्ची लागते आणि वर्षाला सुमारे १,४०० युनिट मिळतात. वरच्या केंद्रात इम्पेलर कापून जे १,८२,००० युनिट वाचले, तेवढे सौर पॅनेलमधून मिळवायला १३० किलोवॉटचा संच आणि १,३०० चौरस मीटर गच्ची लागली असती. आधी वापर कमी केला तर संचही लहान पुरतो. म्हणून क्रम तेवढा बदला.

नव्या पंपांची वेळ आली की निविदेकडे विशेष लक्ष द्या, कारण पुढची पंधरा वर्षे तिथेच ठरतात. १०० किलोवॉट वीज घेणारा पंप दिवसाला २० तास चालला तर वर्षाला ७,३०,००० युनिट, म्हणजे आठ रुपयांच्या दराने ५८ लाख रुपये खातो. पंपाची खरेदीची किंमत या एका वर्षाच्या विजेपुढे लहान असते आणि आपण निविदा मात्र तिच्यावरच ठरवतो. निविदेत कार्यक्षमतेची हमी मागा, खरेदीची किंमत आणि ठराविक वर्षांची वीज यांची बेरीज करून सर्वात कमी देकार ठरवण्याची अट आधीच जाहीर करा, कारखान्यातील चाचणीला स्वतः हजर राहा आणि जागेवर हमी भरली नाही तर होणारी वजावट कंत्राटात लिहा. पहिल्यांदा लेखा विभाग आक्षेप घेईल. मूल्यांकनाची पद्धत निविदेतच सूत्रासह दिलेली असेल तर तो आक्षेप टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

या सगळ्यापेक्षा अवघड भाग माणसांच्या जागांचा आहे. बिल लेखा विभाग भरतो, पंप पाणीपुरवठा विभाग चालवतो, मोटरची दुरुस्ती विद्युत विभाग करतो आणि वाचलेला पैसा सर्वसाधारण निधीत जातो. ज्यांच्या हातात व्हॉल्व्ह आहे त्या ऑपरेटरनी आयुष्यात एकदाही वीजबिल पाहिलेले नसते. आमच्याकडे मी प्रत्येक केंद्रावर एक काळा फळा लावला आणि त्यावर रोज सकाळी तीनच आकडे लिहायला सांगितले : काल किती पाणी दिले, किती युनिट लागले आणि दशलक्ष लिटरला किती पडले. पहिले काही आठवडे आकडे ठोकळ यायचे. मग एके सकाळी एका केंद्रावरून फोन आला की, आकडा रात्रीत पंधराने वाढला आहे, काहीतरी झाले आहे. सक्शनच्या जाळीत प्लास्टिकचा गठ्ठा अडकला होता. तो फोन करणाऱ्या ऑपरेटरना मी आयुक्तांच्या बैठकीत नेले आणि तो आकडा त्यांच्याच तोंडून सांगायला लावला. शक्य असेल तर अंदाजपत्रकात ऊर्जा बचतीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मागा आणि वाचलेल्या रकमेचा काही भाग पुढच्या वर्षी त्याच केंद्राच्या दुरुस्तीला मिळेल असा ठराव करून घ्या.

दहा टक्के एका वर्षात होतील का, तर पंप कधीच मोजले गेलेले नसतील तिथे होऊ शकतात, पण आयुक्तांना आकडा युनिटमध्ये द्या, रुपयांमध्ये देऊ नका, नाहीतर मध्येच दर वाढला की आपले सगळे काम वाया गेल्यासारखे दिसेल. पहिल्या महिन्यात बिलांची मांडणी आणि गेज बदलणे, दुसऱ्या महिन्यात पाच मोठ्या केंद्रांवर टाकीची चाचणी, तिसऱ्यात कपॅसिटर, करारमागणी आणि एका पंपाचा इम्पेलर, इतके झाले की प्रस्ताव लिहायला आपल्याजवळ स्वतः मोजलेले आकडे असतील. प्रत्येक पंपाच्या नावाने एक पान असलेली जाड नोंदवही करा. त्यात कंपनीचा आलेख, चाचणीची तारीख, व्हॉल्व्ह किती उघडा होता आणि का, हे लिहा. आपली बदली होईल, आणि नव्या अधिकाऱ्याला लाल खुणेचे कारण त्या पानावर मिळायला हवे.